मोबाइलवर उपदेश मिळतो, मंडळी मिळत नाही



हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "आम्ही घरीच उपासना बघतो. देव काय फक्त चर्चमध्येच असतो का?"

नसतो, मान्य. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप होतं तेव्हा मोबाइलनेच आपल्याला धरून ठेवलं. अंथरुणाला खिळलेल्यांना, रविवारी ड्युटी असणाऱ्यांना आजही त्याचाच आधार आहे. त्यांच्याविषयी मी बोलत नाहीये. मी बोलतोय ते चर्च दहा मिनिटांवर असूनही घरी बसणाऱ्या धडधाकट माणसांविषयी.

नवा करार उघडून बघा. एकमेकांना क्षमा करणं, एकमेकांची ओझी वाहणं, एकमेकांसाठी प्रार्थना करणं, सगळीकडे 'एकमेकां'चाच हिशोब. हे एकट्याने कसं करायचं? यूट्यूबवरचे पाळक आवडले नाहीत तर आपण दुसरे लावतो, त्यांना क्षमा करायची वेळच येत नाही. चर्चमध्ये मात्र पलीकडच्या बाकावर तोच बसलेला असतो, ज्याच्याशी बांधावरून आपलं बोलणं बंद आहे. आणि प्रभुभोजन त्याच्याबरोबरच घ्यायचं असतं. विश्वासाची परीक्षा होते ती तिथे.

यावर लोक म्हणतात, चर्चमध्ये राजकारण फार. खरंय. कमिटीची भांडणं आहेत, जमिनीचे खटले आहेत. बाप्तिस्म्याला पिढ्या उलटल्या तरी लग्न जुळवताना जुनी जात विचारली जाते, हेही खरंय. पण करिंथची मंडळी काय वेगळी होती? तिथे प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी काही जण पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची चांगली खरडपट्टी काढली. पण मंडळी मोडा असं सांगितलं नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं सांगितलं.

आपल्याकडचं उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस. मिशनची चौकट त्यांना पुढे अपुरी वाटू लागली आणि १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. पण म्हणून एकट्याने भक्ती करत बसले नाहीत. त्यांनी 'देवाचा दरबार' उभारायला घेतला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. चौकट सोडली, पण माणसं आणखी जोडली.

आणि आपण आहोत तरी किती? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. कितीतरी गावांत आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी. अशा घरात रात्री मयत झालं तर पेटीची सोय कोण करतं? कबर खोदायला कोण जातं? तीन दिवस त्या घरी डबा कोण पोचवतं? चॅनलला लाखभर सबस्क्रायबर असतील, पण खांदा द्यायला त्यातला एकही येत नाही. मंडळीच येते. पण ही मंडळी ऐनवेळी उभी राहत नाही, ती रविवार-रविवार करत घडलेली असते.

आता दोन शब्द चर्च चालवणाऱ्यांनाही. फक्त 'या, या' म्हणून माणसं येणार नाहीत. हिशोब सगळ्यांसमोर मांडा. पुढचे बाक ठरावीक घराण्यांसाठी राखू नका. कामासाठी पुण्याला, चाकणला गेलेल्या पोरांना तिथल्या मंडळीशी जोडून द्या. आणि एखादं कुटुंब तीन रविवार दिसलं नाही तर चौथ्या रविवारच्या आत कुणीतरी त्यांच्या दारात जायला हवं. वर्गणी मागायला नाही, विचारपूस करायला.

तेव्हा या रविवारी पुन्हा जाऊन बसा. उपदेश रटाळ झाला तरी चालेल. उपासना संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. दहा मिनिटं थांबा, आणि आज कोण आलं नाही ते बघा.