हिरो आणि आटे

5 मार्च 2015 ला हॅरिसन फोर्डचं 1942 सालचं विमान सांता मोनिकाहून उडालं, इंजिन बसलं, आणि गडी झाडाला घासत गोल्फच्या मैदानावर उतरला. हाडं मोडली, जीव वाचला. वर्तमानपत्रांनी आरती ओवाळली. ओवाळा बापडे! पण चौकशीत निघालं काय? कार्ब्युरेटरमधला चिमुकला जेट आट्यांतून सैल झालेला! पेट्रोल भलतंच जास्त गेलं नि इंजिनाची ताकद गेली. उपासमारीनं नव्हे हो, अजीर्णानं! ही बातमी वाचली कितीजणांनी? हिरोचे फोटो पानभर, आट्यांना कोपऱ्यात दोन ओळी. आमच्या बँकेत रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत हेडकॅशिअर कुणाला घरी सोडत नाही. हार कुणी घालत नाही, ते सोडा.