धुरा हाच कागद

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दगडी बुरूजच उभे राहतात. आमच्या तुमसर तालुक्यातला अंबागड सर्वांना ठाऊक आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात, इ. स. १७०० च्या सुमारास राजा खान पठाणाने तो बांधला. परंतु माझ्या नाकाडोंगरीच्या रानात सागाच्या पाचोळ्याखाली फुटक्या बोडीची पाळ आहे, कुणी सोडून दिलेल्या बांधीचा धुरा आहे, त्यांना मात्र आपण मातीचे ढिगारे म्हणून ओलांडून जातो.

मातीला इतिहास नसतो काय? पवनीचा प्राचीन तट मातीचाच. तेथे १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा स्तूप सापडला. आपल्या जिल्ह्यातील कोहळ्यांचे तलाव मातीच्या पाळींवरच उभे आहेत. इंग्लंडात ऑलिव्हर रॅकहॅम यांनी जुन्या रानांतील बांध आणि चर पाहून त्या रानांचा इतिहास उलगडला.

कोणी म्हणेल, या अभ्यासाने पोट भरते काय? मित्रहो, प्रश्न पोटाचाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत जमिनीचे सपाटीकरण, बांध, विहिरी, स्मशाने, देवस्थाने हे पुरावे मानले आहेत. ज्याच्या आजाला सही येत नव्हती, त्याच्यापाशी कागद कुठून येणार? त्याचा धुरा हाच त्याचा कागद. रानातला मुनारा सरकारची हद्द सांगतो. पाळ आणि धुरा गावाची वहिवाट सांगतात. जेसीबीच्या एका फेऱ्यात धुरा सपाट झाला, की तो पुरावाही गेला.

अर्थात धुऱ्यावर साल कोरलेले नसते. म्हणून वृद्धांच्या आठवणी, निस्तार पत्रक आणि जुने नकाशे यांच्याशी तो ताडून पाहिला पाहिजे. हे काम आपण का करू नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी आपण रस्ते झाडतो. एक वर्ष टेप आणि वही घेऊन रानात जाऊ. पाळीची लांबी-उंची मोजू, तिच्यावरची झाडे नोंदवू, गावकरी तिला कोणत्या नावाने ओळखतात ते लिहून घेऊ. एक प्रत ग्रामसभेला द्यावी, एक आपल्या ग्रंथालयात ठेवावी.

माझे वडील शाळेत गेले नाहीत. पण कोणता धुरा कोणाच्या आजाने घातला, हे ते न चुकता सांगतात. आमच्या घरात लिहिता येणारा मी पहिला. त्यांना ठाऊक असलेले मी लिहून ठेवले नाही, तर माझ्या शिकण्याचा गावाला उपयोग तो काय?