सूर्यावरची कारंजी आणि स्पीकरवरचा रंग

नववी-दहावीची मुले हल्ली एक सवाल हमखास विचारतात: सूर्यावर कोणी उतरू शकत नाही, मग संगणकात सूर्य बनवून शास्त्रज्ञ जे सांगतात ते खरे कशावरून? सवाल वाजवी आहे. संगणकाच्या पडद्यावर काय, काहीही दाखवता येते.

सूर्याच्या पृष्ठभागावरून प्लाझ्माची, म्हणजे अतिशय तापून विद्युतभारित झालेल्या वायूची, बारीक कारंजी सतत उसळत असतात. शास्त्रज्ञ त्यांना स्पिक्यूल म्हणतात. रोमचे पाद्री-खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1877 मध्ये त्यांचे वर्णन केले होते. ‘बारीक’ हे सूर्याच्या मानाने बरे का! एकेक कारंजे हजारो किलोमीटर उंच जाते आणि पाच-दहा मिनिटांत विरते. ती नेमकी उसळतात कशी, यावर शंभर वर्षे खल चालला.

बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील पियाली चटर्जी, साहेल डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये याचे एक उत्तर मांडले. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी महासंगणकाच्या जोडीला एक साधा स्पीकर घेतला. स्पीकर आडवा ठेवून त्यावर रंग ओतला आणि आवाज वाढवला, की रंगाच्या उंच, सडपातळ धारा उडतात. पाणी ओतले तर धार धरत नाही, थेंब फुटून विखुरतात. फरक कशाचा? रंगात पॉलिमरचे लांबच लांब रेणू असतात, ते धारेला धरून ठेवतात. सूर्यावर हेच काम चुंबकीय क्षेत्र करते आणि स्पीकरच्या जागी असते खालच्या थरांतले उकळणे, चुलीवरच्या आधणासारखे.

आता दिसायला सारखे म्हणजे कारणही सारखे, असे होत नाही. म्हणून त्यांनी संगणकात उकळणारा प्लाझ्मा, गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय क्षेत्र यांची समीकरणे सोडवली. कारंजी वेगळी काढून दाखवावी लागली नाहीत. त्या उकळण्यातून त्यांचे रानच्या रान उगवले. त्यांची उंची 6 ते 25 हजार किलोमीटर भरली, दुर्बिणीतून दिसणाऱ्या कारंज्यांच्या तोडीची. मुलांच्या सवालाचे उत्तर या जुळण्यात आहे. संगणकाने जे काढले ते आकाशाशी ताडून पाहिले.

एक कोडे मात्र शिल्लक आहे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5500 अंश सेल्सिअस, तर त्याच्याही वरचे प्रभामंडळ दहा लाख अंशांहून तप्त. चुलीपासून लांब गेल्यावर ऊब वाढावी, तसे हे! त्या उष्णतेत या कारंज्यांचा वाटा किती, याचा शोध अजून चालू आहे.