पाण्याची ओढ आणि पाण्याची ओळख

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या घरी मे महिना म्हणजे कूलरची घरघर आणि ओट्याखाली पाण्याच्या कॅनची रांग. नळ रोज येत नाही, त्यामुळे पाणी जपून वापरायचं हे आमच्या लेकरांना आपोआप कळतं. अशा लेकरांना काठोकाठ पसरलेला जलाशय दिसला की ती धावतच सुटतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरचे नऊ जण अशाच एका जलाशयावर गेलो होतो. "बसा सगळे एकाच बोटीत," नावाडी म्हणाला. सहा वर्षांच्या पुतणीला त्यानं मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट चढवलं. मी ते दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं, तर ते थेट तिच्या कानांवर आलं. पाण्यात हेच झालं असतं. जॅकेट वर राहिलं असतं आणि पोर खालून निसटली असती. लहान माप मागितलं, ते नव्हतं. मी लेकरांना खाली उतरवलं.

"ताई, पाच मिनिटांचीच तर फेरी आहे!" जाऊबाई नाराज झाल्या. पुतणी गाडीपर्यंत रडत आली.

माझ्या डोळ्यांपुढे झुंज गावचा अपघात होता. आपल्याच विदर्भातल्या वरुड तालुक्यात, 14 सप्टेंबर 2021 रोजी, दशक्रियेच्या निमित्तानं जमलेले नातेवाईक डोंग्यानं निघाले आणि वर्धा नदीत 11 जण गेले. पुढे 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या जलाशयात, कुगाव ते कळाशी या नेहमीच्या वाटेवर, वादळी वाऱ्यात बोट उलटली. 6 जण बुडाले, त्यात आईबाप आणि त्यांची दोन चिमुकली होती.

उजनीवरचं ते वारं आपल्याही ओळखीचं आहे. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि बघता बघता वावटळ सुटते. उघड्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला झाड नसतं की घर नसतं. म्हणून बोटीत बसायचं ते सकाळीच. ढग काळवंडले, की तिकीट काढलेलं असलं तरी काठावरच थांबायचं.

बोटीवर किती माणसं चालतात, हे आधी विचारायचं आणि लेकरंही मोजायची. जॅकेट वजनाप्रमाणे घ्यायचं, सगळे पट्टे आवळायचे आणि काठावर परत पाय टेकेपर्यंत काढायचं नाही. फोटोसाठी कुणी उभं राहायचं नाही. माणसं उभी राहिली की भार वर जातो, सगळी एका अंगाला सरकली की ती बाजू पाण्याला टेकते आणि बोट कलंडते. उलटलीच, तर पोहत काठ गाठण्याच्या भरीस न पडता बोटीलाच धरून राहायचं. ती बहुतेक वेळा तरंगत असते आणि मदतीला येणाऱ्यांना लांबूनही दिसते.

काठावरच्यांनी मायेपोटी उडी घेऊ नये. बुडणारा माणूस हाताशी येईल त्याला कवटाळतो आणि दोघंही जातात. आपल्या घरातला 20 लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून आणि दोर बांधून, त्याच्याकडे फेकावा. एका माणसाचं डोकं तो सहज पाण्यावर ठेवतो.

पाण्याची ओढ आपल्याला जन्मापासून आहे, पण त्याची ओळख मात्र करून घ्यावी लागते. यंदा पुतणीच्या मापाचं जॅकेट आम्ही घरूनच नेणार आहोत. ते अंगात घालून, पट्टे आवळून, ती कालपासून घरभर फिरते आहे. मधूनच माझ्यापुढे येऊन खांदे वर करते आणि म्हणते, "मोठी आई, उचलून पाह्य!"