शितावरून खडकाची परीक्षा

चंद्रपूर-वणी पट्ट्यातील उघड्या कोळसा खाणींत एक टन कोळसा हाती येण्यासाठी कित्येक ठिकाणी चार-पाच घनमीटर माती व खडक उपसावा लागतो. खाणीच्या भाषेत हे 'ओव्हरबर्डन', म्हणजे वरचा भार. कोळशाची प्रत काटेकोरपणे तपासली जाते. या भाराकडे मात्र सामान्यतः हलविण्याच्या खर्चाची एक बाब म्हणूनच पाहिले जाते. तो भार आहे तरी कसला, हा प्रश्न मागे पडतो.

प्रश्न क्षुल्लक नाही. कोळशालगतच्या काळसर शेल खडकात पुष्कळदा पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे संयुग, दडलेले असते. जमिनीखाली हवेवाचून ते निरुपद्रवी राहते. ढिगाऱ्यात येऊन त्याला हवा व पाऊस मिळाला, की आम्ल तयार होते आणि लोहमिश्रित पाणी ओढ्यात उतरते. खडकातच पुरेसा चुना असेल तर आम्लाचे शमन होते. हिशेब सरळ आहे: खडकात पायराइटमधील गंधक 1 टक्का असेल, तर अशा 1000 टन खडकामागे 31.25 टन चुनखडीची शमनशक्ती हवी. जमा व खर्च या दोन्ही बाजू खाण सुरू होण्यापूर्वीच कळू शकतात. त्यासाठी योग्य जागी विंधनछिद्रे घेऊन नमुने तपासावयास हवेत.

येथे 'शितावरून भाताची परीक्षा' ही आपली म्हण दगा देते. भात एका भांड्यात सारखा शिजतो. भूगर्भ तसा शिजलेला नाही. दहा मीटर खडकात अर्ध्या मीटरच्या पट्ट्यातच 2 टक्के गंधक आहे आणि बाकी खडक निर्दोष आहे, असे समजा. सर्व दहा मीटरचा एकत्र नमुना केला तर गंधक सुमारे 0.1 टक्का दिसेल आणि कागदावर सारे आलबेल ठरेल. परंतु यंत्र तो पट्टा उचलून एखाद्या कोपऱ्यात टाकील, तेथे सरासरी पाळली जाणार नाही. म्हणून प्रत्येक थराचा नमुना वेगळा हवा आणि जाड थराचेही लहान लहान भाग पाडावयास हवेत.

छिद्रांच्या जागांचेही तसेच. जेथे कोळसा पृष्ठभागाजवळ आहे तेथे पावसापाण्याने खडक झिजून गंधक व चुना दोन्ही निघून गेलेले असू शकतात; खोल भागात ते शाबूत राहतात. केवळ उथळ, सोयीच्या जागी घेतलेली छिद्रे म्हणूनच फसवी असतात. आरंभी थोडी छिद्रे दूरदूर घ्यावीत. निष्कर्ष जुळले तर थांबावे, न जुळले तर मधल्या जागी आणखी घ्यावीत. पुढच्या छिद्राने निर्णय बदलण्याचा संभव आहे तोवरच त्याचा खर्च सार्थ, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे.

गोंडवाना कोळशात गंधक सामान्यतः 1 टक्क्याहून कमी असते, मग ही उठाठेव कशाला, असा आक्षेप येईल. परंतु कोळशातील गंधकावरून वरच्या खडकातील गंधक ठरत नाही. शिवाय तपासणीतून केवळ दोषच हाती येतात असे नाही. नागपूरजवळ गोंडेगाव येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने याच भारातून वाळू वेगळी काढली आहे. कोठे वाळू आहे, कोठे ढिगारा घसरविणारी चिकणमाती आहे, हेही तोच नमुना सांगतो. कोळशासाठी छिद्रे घ्यावीच लागतात; यंत्र व माणसे जागेवर असताना वरचा गाभाही जपून तपासण्याचा वाढीव खर्च त्या मानाने अल्प आहे.

तो टाळला तर बचत खाणीची आणि भुर्दंड वर्धा-इरईकाठच्या विहिरींचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील सोडून दिलेल्या खाणींचे आम्लयुक्त पाणी आजही ओढ्यांत उतरते आणि शुद्धीकरणावर सार्वजनिक पैसा खर्च होतो. 1977 च्या तेथील कायद्याने परवान्याच्या अर्जातच वरच्या भाराची रासायनिक तपासणी मागितली, ती या अनुभवानंतर.

आपल्याकडे 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. त्या गोषवाऱ्यात छिद्रांचा नकाशा व थरवार तक्ता छापण्याचे बंधन घालावे. किती छिद्रे घेतली, कोठे घेतली, काय सापडले, एवढे मराठीत वाचावयास मिळाले, तर ज्यांच्या शेतावरून हे पाणी जाणार आहे त्यांना योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता येईल. ढिगारा उभा राहिल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते, उपाय मिळत नाही.