आधी पाऊसपाणी, मग सल्ला

शहापूर-मुरबाडकडचे गिऱ्हाईक दुकानात आले की आधी बसते, पाणी पिते, भाताची लावणी कुठवर आली ते सांगते. आपल्यातल्या काही तरुण दुकानदारांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. 'काय दाखवू?' म्हणत ते लगेच तागा उलगडतात. माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे.

कापडाबरोबर सल्लाही द्यावा लागतो. सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर आकसेल. हा रंग कच्चा आहे, वेगळे धुवा. पोराचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवा. यात फायदा गिऱ्हाइकाचाच. पण ओळखपाळख नसताना सांगितले तर त्याला वाटते, शेठ जास्त कापड गळ्यात मारतोय. तेच आधी 'मावशी, भात झोडून झालं का? म्हशाच्या यात्रेला जाणार ना?' एवढे बोलणे झाले असेल, तर मावशी स्वतःच विचारते, 'दादा, यातलं टिकेल कुठलं?'

पोलंडचे मानसशास्त्रज्ञ दारियुश डोलिन्स्की व सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले, ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकतर्फी बोलून केलेल्या विनंतीपेक्षा आधी किरकोळ विषयावर दोघांचे बोलणे झाले, तर विनंती अधिक लोक मान्य करतात, असे त्यांना आढळले. आपल्या बाजाराला हे नवे नाही. १ जुलै २०१७ पासून कापडावर जीएसटी आला, तेव्हा जाणकारांची भाषणे पुष्कळ झाली. माझ्या पाहण्यातले बरेच दुकानदार मात्र शेजाऱ्याने चहा पिताना समजावल्यावरच नोंदणीला गेले.

अर्थात हे घाऊक मालाच्या दलालांनाही ठाऊक असते. आधी मुलाबाळांची खैरियत, मग अब्बांची तब्येत, आणि चहा संपेपर्यंत न खपणारे वीस तागे तुमच्या नावावर! गप्पा जरूर माराव्यात, पण ऑर्डर दुसऱ्या दिवशी नमुना उजेडात पाहून द्यावी. आपणही तसे वागू नये. ज्या बाईने घटकाभर मन मोकळे करून लेकीच्या बस्त्याची निवड आपल्यावर सोपवली, तिच्या पदरात पडून राहिलेला माल घालणे म्हणजे अमानतीत खयानत.

आता पैसेही मोबाइलवरून येतात, नजर वर न करता व्यवहार उरकतो. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला निदान गिऱ्हाइकाचे गाव विचारायला शिकवावे. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे. गाव कळले की तिथला पाऊस, रस्ता, एसटी, पुढचे बोलणे आपोआप निघते.