सेवेतून उपजलेल्या ज्ञानाला विद्यापीठाचे दार बंद का?

शास्त्र आणि कर्म यांची फारकत हा आपल्या शिक्षणव्यवस्थेला जडलेला जुना विकार आहे. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, असे दोन्ही वैद्य एकाच पंखाच्या पक्ष्यासारखे अपुरे, हे सुश्रुतसंहितेने फार पूर्वी बजावले आहे. ज्या देशात हा विचार जन्मला, त्याच देशात वीस वर्षे रुग्णसेवा केलेल्या अधिपरिचारिकेच्या अनुभवाला उच्च शिक्षणात स्थान नसावे, यापरते दुर्दैव कोणते?

सेवेतून शास्त्र घडते, याचे पुरावे महाराष्ट्राने जगाला दिले आहेत. महाड परिसरात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण तपासणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर ‘प्राझोसिन’ या औषधाची उपयुक्तता दाखवून दिली आणि ‘लॅन्सेट’ने त्यांच्या संशोधनाला स्थान दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याचे धोरण केंद्र शासनाने स्वीकारले. मात्र, ही असामान्य व्यक्तींची असामान्य तपश्चर्या आहे. सामान्य परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा वैद्यकीय समाजसेवक यांच्या वाट्याला असा मार्ग कोणी आखून दिला आहे काय?

अंशकालीन पीएच.डी.ची सोय आहे, असे उत्तर तत्परतेने दिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने तशी अनुमती दिली, हे खरे. परंतु त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संशोधनास पुरेसा वेळ मिळेल आणि आवश्यकता भासल्यास अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल, अशी हमी त्यात द्यावी लागते. जेथे एका परिचारिकेच्या माथी अख्खा कक्ष असतो, तेथे अशी हमी कोण देणार? शिवाय ही पदवी प्रामुख्याने अध्यापकांच्या नियुक्ती-बढतीभोवती फिरते. प्रबंध कपाटात जातो, रुग्णशय्येपर्यंत पोहोचत नाही.

ब्रिटनने १९९० च्या दशकापासून या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. चिकित्सा-मानसशास्त्र, परिचर्या, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांत तेथे व्यावसायिक डॉक्टरेट रुजल्या. त्यांतील अनेक अभ्यासक्रमांत नोकरी न सोडता काही वर्षे शिकायचे, स्वतःच्या कामातील प्रश्न घ्यायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा, अशी रचना असते. याचे अंधानुकरण नको. तेथील शुल्क आपल्या परिचारिकेला परवडणारे नाही आणि तेथील प्रश्न तिचे नाहीत. समाजकार्याच्या शिक्षणात परकीय साचा जसाच्या तसा उचलण्याची किंमत आपण मोजलीच आहे. कुटुंब, जात, देवस्थान, भजनी मंडळ यांच्या आधाराने जगणारा समाज अमेरिकी पुस्तकांत कसा सापडणार? म्हणूनच तत्त्व घ्यावे, साचा मात्र आपला असावा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पदवीचा दर्जा खालावेल. दर्जा खालावतो तो उसन्या विषयांनी आणि यांत्रिक प्रबंधांनी. रोजच्या कामाची कसोटी लागलेल्या संशोधनाने नव्हे. परीक्षक कठोर असावेत, पण त्यांत एक तरी प्रत्यक्ष सेवेतला असावा. दुसरा आक्षेप आपल्याच परिवारातून येतो: निष्काम सेवेला पदवीची हाव कशाला? हा प्रश्न उदात्त वाटला तरी फसवा आहे. ज्या सेविकेला रुग्णाचे दुखणे सर्वांत आधी कळते, तिचा शब्द धोरण ठरवणाऱ्या बैठकीत पोहोचत नाही. ती निवृत्त होते आणि तिचे सारे ज्ञान तिच्यासोबत घरी जाते. समाजाचे हे धन नोंदले जावे, तपासले जावे आणि पुढच्या पिढीस मिळावे, ही मागणी स्वार्थाची कशी?

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून कार्यरत आहे. त्याने पुढाकार घ्यावा. सेवाकाळाला प्रवेशात मोल असावे, मराठीत प्रबंध लिहिण्याची मुभा असावी आणि अभ्यासाच्या काळात बदली कर्मचारी देण्याचे दायित्व शासनाने उचलावे. शासन हलेपर्यंत सेवाभावी रुग्णालयांनी तरी वाट पाहू नये. आपल्या एका परिचारिकेला आठवड्यातून एक दिवस अभ्यासासाठी मोकळा देणे, हे कोणत्याही संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. सेवेचा गौरव करणारी भाषणे आपल्याकडे पुष्कळ झाली; आता सेवा करणाऱ्यांच्या बुद्धीचाही गौरव व्हावा.